आवाजबंदीतलं कर्ज

वर्षातला एक महिना आमच्या समुद्रकाठच्या साकुशी गावात आवाज बंद असतो, आणि माझा नवरा आवाजाचा धंदा करतो. लग्न ठरत होतं तेव्हाच माझ्या आईने बजावलं होतं, "देदेई, अकरा महिने कान फाटतील आणि बाराव्या महिन्यात पोटाला चिमटा बसेल. नीट विचार कर." मी विचार केला नाही. ओदार्ते तेव्हा फार छान नाचायचा.

पेरणी झाली की आमच्या देवांना शांतता लागते. मका जमिनीत डोळे उघडत असतो, त्याला दचकवायचं नाही. ढोल नाही, कर्णे नाहीत, टाळ्या नाहीत, चर्चमध्येसुद्धा गाणी ओठांतल्या ओठांत म्हणायची. कुणी मोडलंच तर दंड म्हणून मेंढा आणि दारूच्या बाटल्या, शिवाय ज्यातून आवाज निघाला ती वस्तू जप्त. लहानपणापासून हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्या महिन्यात आमची मांजरंसुद्धा भांडायला गावाबाहेर जात असावीत, असा मला दाट संशय आहे.

देवांचा महिना निदान संपतो. साथीच्या काळात सरकारने गर्दीवर घातलेली बंदी काही संपेना. आमचा सगळा धंदा मयतांवर. आमच्याकडे माणूस गेला की त्याला एका शनिवारी वाजतगाजत पाठवायचं असतं. मंडप हवा, खुर्च्या हव्यात, आलेल्या प्रत्येकाच्या पोटात काहीतरी पडायला हवं, आणि दुपार कलली की अशी गाणी हवीत की सुतकातल्या म्हातारीनेही कंबर हलवावी. साथीत मात्र दहा माणसं जायची, माती लोटायची आणि तोंड बांधून परत यायची. त्यांना खुर्च्या कशाला लागतील? आम्ही आधी मंडपाचं कापड विकलं, मग गाडी, मग जनरेटर. साथ गेली तेव्हा आम्हीही सुस्कारा सोडला, तर तिच्या पाठोपाठ महागाई आली आणि होतं नव्हतं तेही घेऊन गेली.

शेवटी उरल्या अक्वेले आणि अकुओको. आमच्याकडे जुळ्या मुलींची हीच नावं असतात, आणि ओदार्तेने स्वतः रंधा मारून, जोडून, घासून केलेले ते दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर त्याच्या जुळ्या मुलीच होते. सगळ्या किनाऱ्यावर त्यांना नावाने ओळखत. आमचं दुकान म्हणजे खोलीएवढा पत्र्याचा डबा, त्यात त्या चादर पांघरून उभ्या होत्या, आणि त्या गप्प झाल्यापासून ओदार्तेही गप्प झाला होता. जेवायला वाढलं की "हो", पुरे का विचारलं की "हो". मी भांडण काढून बघितलं, त्यालाही "हो". नवऱ्याशी भांडताही येत नसेल तर संसारात राहिलं काय?

त्यात दूर डोंगराकडच्या कुमासी शहरातल्या एका मोठ्या चर्चला जुळ्या हव्या होत्या. शनिवारी त्यांचा टेम्पो येणार होता. जुळ्या गेल्या की धंदा संपला, हे मला कळत होतं, आणि धंद्याबरोबर माझा नवराही संपेल याची मला खरी भीती होती. त्यांना ठेवायला एकच वाट होती, सरकारचं मदतीचं कर्ज. छोट्या धंद्यांना पुन्हा उभं राहता यावं म्हणून काढलेलं, व्याज नावाला, पहिलं वर्ष हप्ता नाही. आम्ही अर्ज केला होता. एक गाडी, एक जनरेटर आणि मंडपाचं कापड, बाकी काही नको होतं.

कर्ज द्यायच्या आधी मात्र धंदा चालू आहे की नाही ते सरकारचा माणूस स्वतः येऊन बघणार होता. आधीच्या खेपेला लोकांनी फार गंमत केली होती. कुणी मेव्हणीचं केस विंचरायचं दुकान आपलं म्हणून दाखवलं. एकाने तर शेजारच्या कोंबड्या आपल्या खुराड्यात भरल्या, आणि तपासणीवाले चहा पीत असताना कोंबड्या रांगेने आपल्या घरी निघून गेल्या. तेव्हापासून नियम झाला होता की धंदा डोळ्यांदेखत चालवून दाखवायचा, त्याचं फोनवर चित्रण होणार आणि तिथल्या तिथे निकाल लागणार. शिंप्याने शिवून दाखवायचं, पाववाल्याने भाजून दाखवायचं. आम्ही वाजवून दाखवायचं.

तपासणीच्या मॅडमचं नाव कोनाडू. कुमासीकडच्या, नुकत्याच बदलून किनाऱ्यावर आलेल्या. फोनवर फार गोड बोलल्या होत्या. "तुमची आवाजबंदी आहे ना? मला माहितीये. ती उठली की येते, तुमचं नाव सगळ्यात शेवटी ठेवलंय." ओदार्ते म्हणाला, "हो." आम्ही निश्चिंत झालो.

आणि मंगळवारी सकाळी, बंदी उठायला अजून एक आठवडा असताना, त्या दारात उभ्या.

"चला, लावा," पर्समधून फोन काढत त्या म्हणाल्या. "आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी या भागाची यादी बंद होते."

"मॅडम, आज?" माझ्या हातातला झाडू हातातच राहिला. "अहो, बंदी आहे की!"

"उठली ना! काल रेडिओवर सांगितलं. मी ऐकलं आणि तडक निघाले."

"ती क्लोबीची उठली."

"क्लोबी कुठे आलं?"

मी खाडीपलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या काठावर वाळत घातलेली जाळी इथून मोजता आली असती. मॅडम एकदा तिकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे.

"ते तुमचंच गाव नाही? तुम्ही सगळे एकच ना?"

"बोलू नका असं, मॅडम. तिकडे कुणी ऐकलं तर त्यांना राग येईल, इथे ऐकलं तर आम्हाला. त्यांची पेरणी आमच्या आधी, त्यांची बंदी आमच्या आधी, त्यांचे देव वेगळे. अक्कल तर वेगळी आहेच."

"पण मधे नुसतं पाणी आहे!"

"तेच तर."

डोंगराकडच्या माणसाला समुद्रकाठची सगळी गावं सारखीच दिसतात, त्यांचा काही दोष नव्हता. बिचाऱ्या आमच्या बंदीचा मान राखायलाच थांबल्या होत्या. मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला आणि आवाज खाली आणला. "असं करा. दार लावून घ्या आणि एक मिनिट वाजवा. अगदी हळू. मी चित्रण करते आणि जाते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मी ओदार्तेकडे बघितलं. तो चादरीवरून अक्वेलेच्या खांद्यावर हात फिरवत होता.

"नाही," तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून "हो" सोडून दुसरा शब्द निघाला, तो नेमका हा!

"अरे, मग शनिवारी टेम्पो येईल ना!" मी दात-ओठ खात कुजबुजले. कुजबुजत भांडणं फार अवघड, सगळी वाफ नाकातून जाते. "त्या चर्चमध्ये जातील तुझ्या पोरी! चालेल?"

"जातील तर जातील. पण बंदीत वाजवायच्या नाहीत. त्यांच्यावर गावाचा दोष नको."

मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याचं भारी कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम येतं तेव्हा मी चुलीजवळ जाऊन भांडी आपटते. पण तेवढीही सोय नव्हती. मग मी कपाटातून राखून ठेवलेली बाटली काढली आणि म्हटलं, "चला, नुमोंना विचारू."

नुमो अफोते आमच्या गावचे पुजारी. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि या महिन्यात नजर अशी की कुत्रंसुद्धा जांभई देताना तोंड झाकेल. त्यांच्या अंगणात अनवाणी जावं लागतं. मॅडमनी आपल्या उंच टाचांच्या चपला हातात घेतल्या आणि आमच्या मागून तापलेल्या वाळूवर उड्या मारत आल्या. नुमो केंकी खात बसले होते, मक्याच्या गोळ्याबरोबर तळलेला मासा आणि मिरचीचं वाटण. मी बाटली पायाशी ठेवली, वाकले आणि सगळं सांगितलं.

"नाही," नुमो म्हणाले.

"नुमो, एकच मिनिट," मी म्हटलं.

"माझा कोंबडा पहाटे एकच मिनिट आरवायचा. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याचं कालवण केलं. फार चांगला कोंबडा होता."

मॅडम पुढे झाल्या. "नुमो, हे सरकारचं काम आहे. आज झालं नाही तर यांचं कर्ज जाईल."

"मुली, सरकारला मका उगवून आणता येतो?"

"नाही येत."

"मग त्याने मका उगवेपर्यंत गप्प बसावं." त्यांनी माशाचा काटा काढून बाजूला ठेवला. ओदार्ते मान खाली घालून उभा होता. नुमोंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. ओदार्तेच्या आईच्या मयताला, साथीच्या आधी, याच जुळ्या वाजल्या होत्या आणि नुमो त्या दिवशी टोपी सावरत नाचले होते, हे मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार. बोटं चाटून ते म्हणाले, "माझा शब्द खाडीच्या मध्यापर्यंत चालतो. मध्याच्या पलीकडे क्लोबीचे लोक गाढवासारखे ओरडले तरी मी विचारायला जात नाही. आणि आज मंगळवार आहे."

एवढं बोलून ते पुन्हा माशाकडे वळले.

"मंगळवारचं काय?" मॅडमनी मला विचारलं.

उत्तर ओदार्तेने दिलं. "मंगळवारी समुद्राची सुट्टी. कुणी जाळं टाकत नाही. सगळ्या होड्या काठाला आहेत!" आणि माझा नवरा, जो वर्षभर पाय ओढत चालत होता, तो अंगणातून पळत सुटला. नुमोंना पाठ दाखवून पळायचं नसतं, पण नुमोंचं लक्ष काट्यांमध्ये होतं म्हणा, किंवा त्यांनी ते तिथे ठेवलं म्हणा.

त्यानंतर साकुशीत जे झालं तसं गुपचूप काम कुठल्याही गावाने कधी केलं नसेल. आमच्या गावचा कोळी अशिते, त्याने आपल्या दोन रुंद होड्या दिल्या. निरोप तोंडाने द्यायचा नाही, म्हणून मी दारोदार जाऊन बायांना हाताला धरून बाहेर ओढलं. अक्वेलेला आठ जणांनी उचललं, अकुओकोला आठ जणांनी. ॲम्प्लिफायर, माईक आणि उरलेल्या खुर्च्या बायांनी डोक्यावर घेतल्या. सगळी वरात चवड्यांवर चालली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला "श्श" करत होता. त्या "श्श"चाच एवढा आवाज व्हायला लागला की मला भीती वाटली, यालाच दंड बसतो की काय. एकाच्या अंगठ्यावर अकुओको टेकली. तो माणूस तोंड उघडून, डोळे बाहेर काढून, एक शब्दही न काढता ओरडला. आम्हाला हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं. दोन बाया खुर्च्यांसकट वाळूत बसल्या.

मॅडमना पोहता येत नव्हतं. त्यांना होडीच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि अक्वेलेला घट्ट धरायला सांगितलं. त्या डोळे मिटून कुठल्यातरी देवाची प्रार्थना करत होत्या.

आता आमचे लोक गाण्याच्या तालावर वल्ही मारतात. गाणं नाही म्हटल्यावर ताल नाही, आणि ताल नाही म्हटल्यावर डावीकडचे आधी मारत, उजवीकडचे नंतर. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली माणसं, पण होडी एकाच जागी भोवऱ्यासारखी फिरायला लागली. मॅडमनी एक डोळा उघडला, साकुशी दिसलं, मिटला. पुन्हा उघडला, क्लोबी दिसलं. तिसऱ्यांदा पुन्हा साकुशी.

"आपण जातोय की येतोय?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"जातोय, मॅडम. आडवळणाने," अशिते कुजबुजला.

कसेबसे मध्यावर आलो. तिथे क्लोबीवाल्यांनी रोवलेला एक खांब आहे. त्याच्या पुढे होडीचं नाक गेलं मात्र, अशितेने छाती भरून गाणं सोडलं. सगळ्यांनी धरलं. वल्ही एकदम पडली, एकदम उठली, आणि होडी सरळ सुटली. मीही गात होते. घशात साठलेलं सगळं बाहेर आलं, किती बरं वाटलं म्हणून सांगू!

क्लोबीचा काठ माणसांनी भरला. पुढे अनांग उभा, कमरेवर हात. अनांग म्हणजे क्लोबीचा आवाजवाला, आणि ओदार्तेचा जुना वैरी. एकाच शनिवारी दोन्ही काठांवर मयत असलं की हे दोघं आपापले स्पीकर एकमेकांच्या गावाकडे तोंड करून लावत.

"काय साकुशीवाले," अनांग म्हणाला, "तुमच्याकडचा काठ संपला का?"

"तुमची बंदी उठल्याचं ऐकलं," मी होडीतूनच म्हटलं. "पण आवाज काही येईना. म्हटलं, सगळे मेले की काय, बघून यावं!"

लोक खो खो हसले. अनांगचं तोंड मात्र उतरलं. मागून त्याच्या बायकोनेच सांगून टाकलं. बंद पडलेल्या काळात त्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये उंदरांनी घर केलं होतं. काल बंदी उठली तेव्हा त्याने थाटात बटण दाबलं, तर आतून धूर निघाला आणि धुरामागून उंदीर. तेव्हापासून क्लोबीचे लोक पातेली बडवून आनंद करत होते.

"जनरेटर आहे?" ओदार्तेने विचारलं.

"आहे. तुझा?"

"विकला."

अनांगने कमरेवरचे हात खाली सोडले. मग अनांग म्हणाला, "बंदीनंतरचा आमच्या गावातला पहिला आवाज साकुशीचा होऊ देणार नाही. वायर मी जोडणार. बटण मी दाबणार."

"दाब की. पण बेस मी लावणार."

"बेस तुला कधी लावता आलाय?"

"तुझ्या घराची कौलं कुणी पाडली होती मग?"

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा भांडत होता! नीट, चवीने, पूर्वीसारखा.

खुर्च्या मांडल्या. जुळ्यांची तोंडं क्लोबीकडे आणि पाठ साकुशीकडे केली, तेवढा मान राखायलाच हवा होता. मॅडम ओल्या चपला झटकत फोन धरून उभ्या राहिल्या. अनांगने बटण दाबलं.

काहीच नाही.

ओदार्तेने अक्वेलेच्या छातीला कान लावला. पाठीमागे हात घालून काहीतरी ओढलं, काहीतरी दाबलं, तळहाताने एक थाप मारली. शनिवारचा तो टेम्पो मला समोर दिसत होता. मग आतून घरघर आली, जसं एखादं माणूस झोपेतून उठताना खाकरतं, आणि पाठोपाठ जुन्या चालीच्या नाचाच्या गाण्याचा बेस असा आला की माझ्या पोटातली केंकी जागा सोडून सरकली.

क्लोबी वेडं झालं. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, कुणी म्हणून खुर्चीवर राहिलं नाही. ओदार्तेने माईक हातात घेतला आणि जो बोलत सुटला! "काय क्लोबी, कान आहेत ना जागेवर? अनांग, हा बघ बेस!" वर्षभराचं बोलणं त्याने एका गाण्यात संपवलं. आणि मग, माईक हातात धरूनच, नाचला. आईला मी उगाच नाही झिडकारलं.

कुणीतरी माझा खांदा हलवला. "देदेई, मागे बघ."

पलीकडच्या काठावर सगळं साकुशी उभं होतं. वारा आमच्या बाजूने तिकडे होता, पाठ केली तरी आवाज जायचा तो जात होता. आणि सगळं गाव नाचत होतं, एक टाळी नाही, एक आरोळी नाही. पायसुद्धा वाळूत अलगद टेकवत होते. नुमो जरा उंचावर आमच्याकडे पाठ करून, मक्याच्या शेताकडे बघत उभे होते. त्यांना काही दिसत नव्हतं.

मॅडमनी चित्रण केलं. बराच वेळ केलं. मग फोनकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

"अडचण आहे," त्या माझ्या कानाशी ओरडल्या. "फोनवर जागा उमटते. ती क्लोबी दाखवतेय. तुमचा धंदा साकुशीतला. धंदा धंद्याच्या जागी चालताना दिसायला हवा, नाहीतर मी मंजूर कसं करू?"

मग मला जो राग आला तो नुसता नियमाचा नव्हता, सगळ्या गेल्या दिवसांचा होता. "मॅडम, आमच्या पत्र्याच्या डब्यात आजवर कुणी मयत केलंय का? तिथे आम्ही नुसत्या वस्तू ठेवतो. पाववाल्याचा धंदा भट्टीपाशी, मान्य. आमचा धंदा जिथे माणसं रडतात आणि नाचतात तिथे. तो जागेवर बसला तर बंद पडला म्हणायचं. आज कित्येक महिन्यांनी तो जागचा हललाय, आणि तुम्ही त्याला परत डब्यात जायला सांगताय!"

मॅडम काही बोलायच्या आत एक क्लोबीची बाई आमच्यामध्ये घुसली. घामाने निथळत होती. "हे तुमचं ना? शनिवारी मिळेल? माझी आई साथीत गेली. आम्ही चौघं होतो, झालं. एक गाणं लावलं नाही तिच्यासाठी." ती नाचता नाचताच रडायला लागली. "तिला नीट पाठवायचंय आता."

"शनिवारी आधी मी विचारणार होतो," तिच्या मागून एक म्हातारा म्हणाला. "माझा भाऊ. तोही तसाच गेला."

त्याच्या मागे आणखी एक, मग आणखी दोघं. कुणाचा बाप, कुणाची मावशी. सगळे मुकाट्याने पुरलेले, सगळ्यांचे शनिवार राहून गेलेले. अनांगची बायको पुढे येऊन त्यांना रांगेत उभं करायला लागली, जणू दुकान तिचंच.

मॅडम त्या रांगेकडे बघत होत्या. त्यांनी फोन उचलला आणि रांगेतल्या एकेकाचा चेहरा आणि बोलणं टिपलं. मग वळून पलीकडच्या काठावर नाचणाऱ्या मुक्या साकुशीचं चित्रण केलं.

"धंद्याची जागा," त्या टाइप करत मोठ्याने म्हणाल्या, "गिऱ्हाईक नेईल तिथे." मला म्हणाल्या, "वरच्यांनी विचारलं तर मी उत्तर देईन. चालू धंदा याहून चालू कसा असतो ते त्यांनीच येऊन दाखवावं." आणि बटण दाबलं.

फोनला नेटवर्क नव्हतं. मॅडम खुर्चीवर चढल्या, तरी नाही. मग अशितेने आणि अनांगने त्यांना खुर्चीसकट उचललं आणि त्या डोक्यावर हात उंच करून, सूर्य कलत असताना, गाण्यावर डुलत्या गर्दीच्या वर तरंगत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे बारीक झाले, मग मोठे झाले.

"मंजूर!" त्या ओरडल्या. "देदेई, मंजूर!"

मला पुढचं नीट आठवत नाही. कुणीतरी मला उचललं, मी कुणाला तरी उचललं. ओदार्ते आणि अनांग एकमेकांच्या गळ्यात पडून बेसवरून भांडत होते. आनंदाने माणसाचे कान वाजतात हे मला तेव्हा कळलं, किंवा तो अकुओकोचा आवाज असेल.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. अनांगने जुळ्यांना शनिवारपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतलं, उंदरांपासून जपेन अशी शपथ घेऊन. मॅडम या वेळी खुर्चीशिवाय बसल्या आणि आमच्याबरोबर गायल्या, शब्द चुकवत. खांब आला आणि गाणं मध्येच तुटलं. सगळे गप्प. होडीने एक गिरकी घेतली.

काठावर गाव अजून उभंच होतं. क्लोबीत उड्या पडताना त्यांनी पाहिल्या होत्या, पण क्लोबीवाले दिवसभर उड्याच मारत होते, त्यावरून काय कळणार? सगळ्यांचे डोळे आमच्यावर. सगळ्यांत पुढे नुमो. त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. मिळालं?

मी उभी राहिले. होडी डुचमळली, ओदार्तेने माझी कंबर धरली. मी दोन्ही हात आभाळाकडे केले आणि मान हलवली. हो, हो, हो.

सगळं गाव एकदम उडालं आणि एकदम वाळूवर उतरलं, कापसाच्या गाठोड्यांसारखं. बाया एकमेकींच्या तोंडावर हात दाबून नाचत होत्या. कुणी खुर्ची मिठीत घेतली होती. नुमोंनी एक बोट ओठांवर ठेवलं, गावाला दटावलं, आणि दुसऱ्या हाताने धोतर जरा वर धरून दोन पावलं टाकली. मग पुन्हा मक्याकडे वळले.

"देदेई," ओदार्ते माझ्या कानात म्हणाला, "पोरी आपल्याच राहिल्या गं."

एवढा मोठा आनंद माझ्यात मावेना, आणि तो ठेवायला दुसरी जागाही नव्हती. मी त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि तिथेच पोटभर ओरडले. त्याच्या खांद्यावर माझे दात उमटले, पण गावात आवाज झाला नाही.